एल्कसाठी ठासणीची बंदूक: साइडलॉक की इनलाइन?

कोलोरॅडोत स्थायिक झालेला एक मित्र सप्टेंबरमधल्या नर एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीआधी पेचात पडलाय: बाहेर घोडा असलेली साइडलॉक घ्यावी, की नळीच्या सरळ रेषेत मागून बार पेटवणारी आधुनिक इनलाइन?

त्याला माझं उत्तर असं. आधी नियम बघ. कोलोरॅडोच्या ठासणीच्या हंगामात दोन्ही चालतात, पण दुर्बीण, सॅबो (गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण) आणि दारूच्या तयार वड्या दोन्हींना बंद. म्हणजे इनलाइनच्या लांब पल्ल्याच्या जाहिराती इथे निरुपयोगी. साध्या माशीने (नळीवरच्या नेम धरायच्या खुणेने) शंभर यार्डांच्या आतच बार टाकावा, असं माझं ठाम मत आहे. जखमी जनावर दरीत हरवणं फार वाईट.

खरा फरक पावसात पडतो. डोंगरात दुपारी ढग फुटतात. साइडलॉकच्या उघड्या टोपीत (घोडा आपटला की ठिणगी देणाऱ्या) ओल शिरते आणि बार फुसका जातो. इनलाइनमध्ये हेच काम करणारा प्रायमर आत बंद राहतो, ठिणगीही जोरकस.

सफाई दोन्हींना त्याच दिवशी हवी, कारण काजळी ओल ओढते आणि नळी गंजते. इनलाइनचा ब्रीच प्लग (नळीच्या मागच्या टोकाचं बूच) निघाला की नळी आरपार पुसता येते.

साइडलॉक घेतलीस तर नळीतला पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा) तपास. संथ पीळ गोल गोळीसाठी असतो. एल्कला जड, लांबट गोळी हवी, म्हणजे जलद पीळ बघ, आणि कॅलिबर (नळीचा आतला व्यास) किमान .५० इंच.

पहिलाच हंगाम आणि पावसाळी डोंगर असेल तर इनलाइन घे. जुन्या पद्धतीची ओढ असेल, वर्षभर सराव करणार असशील, किंवा पुढे आयडाहोत जायचं असेल, तर साइडलॉक. तिथे ठासणीच्या हंगामात टोपी उघडी दिसावी लागते.