भाड्याचं प्रदर्शन: २४ पॅनेल, एक रेडिओ आणि काही दुरुस्त्या

हुकूमशहांनी चित्रं, सिनेमा, रेडिओ आणि वर्तमानपत्रं कशी राबवून घेतली, यावरचा एक प्रदर्शन-संच सोलापुरात भाड्याने मिळतो. २४ फ्लेक्स पॅनेल, त्यांचे स्टँड, जुन्या जर्मन रेडिओची लाकडी प्रतिकृती आणि एक माहितीपुस्तिका. तीन दिवसांचं भाडं ४,५०० रुपये, अनामत ३,०००, टेम्पोचा खर्च आपला. कॉलेजने किंवा वाचनालयाने मागवावा का? जरूर मागवावा, फक्त आहे तसा लावू नये.

आधी जागेचं बोलू. एक पॅनेल तीन फूट रुंद, चार फूट उंच. मध्ये फूटभर जागा सोडून २४ पॅनेल लावायला ९६ फूट लागतात. ३० बाय २० च्या खोलीचा घेर भरतो १०० फूट, पण त्यातून दारं-खिडक्या वजा करा. ७० फूट उरले तरी खूप. म्हणून १६ पॅनेल भिंतीकडेने आणि ८ मधोमध, पाठीला पाठ लावून, चार जोड्यांत. फ्लेक्स चकचकीत आहे. ट्यूबलाइट समोर आली की खालचा मजकूर दिसतच नाही, तेव्हा पॅनेल ट्यूबच्या थेट समोर नको. सोलापुरात पंखे बंद ठेवून प्रदर्शन भरवणं शक्य नाही आणि पंखे लावले की फ्लेक्स फडफडतो. खालच्या शिलाईत पाइप घालायची सोय आहे, पाइप मात्र संचात नाही. दहा फुटी कन्ड्युट पाइपचे ८ नग आणून प्रत्येकाचे तीन-तीन फुटांचे तीन तुकडे करा, काम भागतं.

आता मजकूर. यातलं सर्वांत मोठं पॅनेल न्यूरेंबर्गच्या १९३४ च्या नाझी मेळाव्याचं आहे: झेंड्यांची रांग, उजेडाचे झोत, लाखभर माणसं. तिथेच घोटाळा होतो. पोरं त्याच्यापुढे उभी राहून सेल्फी काढतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, ते दृश्य भारून टाकण्यासाठीच रचलं होतं. चित्रीकरणासाठी झेंड्याच्या खांबावर लिफ्ट बसवून कॅमेरा वर नेला होता. हे पॅनेल दाराशी लावू नका. आधी कागदपत्रांची तीन पॅनेल लावा आणि त्यानंतर हे. त्यांवर आहे ते असं: मार्च १९३३ मध्ये नाझींचं प्रचार मंत्रालय, त्याच सप्टेंबरात संस्कृती मंडळ आणि त्याचे सात विभाग: साहित्य, वृत्तपत्र, रेडिओ, नाटक, संगीत, सिनेमा, चित्र-शिल्प. सभासदत्व नसेल तर काम नाही. प्रचारमंत्री गोबेल्सला प्रत्येक चित्र फाडत बसावं लागलं नाही. कार्ड नाकारलं की चित्रकाराचं पोट आपोआप बंद व्हायचं. संचातली ही तीन पॅनेल दिसायला रूक्ष आहेत आणि तीच सर्वांत मोलाची आहेत.

रेडिओच्या पॅनेलवर ढोबळ चूक आहे. ‘या रेडिओवर फक्त जर्मन केंद्रं लागत’ असं छापलंय. तसं नव्हतं. व्हीई ३०१ हा ‘जनतेचा रेडिओ’ ऑगस्ट १९३३ मध्ये ७६ मार्कांना आला. नावातला आकडा ३० जानेवारीचा, हिटलर सत्तेवर आला त्या तारखेचा. १९३८ मध्ये ३५ मार्कांचा छोटा रेडिओ आला, त्याला लोक ‘गोबेल्सचं थोबाड’ म्हणत. दोन्ही कमी ताकदीचे, तरी रात्री मध्यम लहरींवर परदेशी केंद्रं त्यांच्यावर लागू शकत. अडवलं ते कायद्याने: सप्टेंबर १९३९ पासून परदेशी केंद्र ऐकणं गुन्हा ठरला. रेडिओच्या बटणाला अडकवायला पुठ्ठ्याचं इशारापत्रच असायचं. काटा एकाच जागी पक्का केलेला रेडिओ ही उत्तर कोरियाची गोष्ट. त्या ओळीवर कागद चिकटवून दुरुस्ती लिहा आणि पुठ्ठ्याचं एक पत्र करून प्रतिकृतीच्या बटणाला बांधा. यंत्राने अडवणं वेगळं आणि भीतीने स्वतःच बटण न फिरवणं वेगळं, हे त्या पुठ्ठ्यावरून मुलांना लगेच कळतं.

‘अधोगत कला’ या म्युनिकच्या प्रदर्शनावरची दोन पॅनेल मात्र अव्वल. १९ जुलै १९३७ ला ते उघडलं, आदल्याच दिवशी सरकारमान्य कलेचं भव्य प्रदर्शन सुरू झालं होतं. ३२ संग्रहालयांतून काढलेल्या सुमारे ६५० कलाकृती दाटीवाटीने, वाकड्यातिकड्या टांगल्या, भिंतींवर टवाळीची वाक्यं रंगवली, प्रवेश फुकट ठेवला. २० लाखांवर लोक आले. संच करणाऱ्यांनी इथे एक बारकावा नेमका पकडलाय. चित्रांशेजारी संग्रहालयाने मोजलेली किंमत लिहिली होती, आणि त्यातल्या कित्येक किमती चलनफुगवट्याच्या काळातल्या मार्कांत. पावालाही अब्जावधी मार्क पडत होते तेव्हाचे आकडे! खाली शेरा, की हे कष्टकरी जनतेच्या कराच्या पैशातून घेतलंय. आकडा खोटा नाही, पावती खरी आहे, आणि तरीही ती शुद्ध फसवणूक आहे. या पॅनेलपाशी गटाला पाच मिनिटं थांबवाच.

सोव्हिएत भागात सोलापूरकर हमखास रेंगाळतो ते पॅनेल कापडाचं. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून रशियातल्या इव्हानोव्होच्या गिरण्यांतून ट्रॅक्टर, विमानं, दातेरी चाकं, विजेचे दिवे अशा नक्षीचं कापड निघालं. फुलं-पानं मागासलेली ठरली. बायांनी ट्रॅक्टर अंगावर घालावा अशी अपेक्षा! १९३३ मध्ये ‘प्रावदा’नेच त्याची खिल्ली उडवली, पुढे ट्रॅक्टर आणि मागे कंबाइन म्हणून, आणि तो प्रकार बंद पडला. पॅनेलवर याला ‘विणलेली नक्षी’ म्हटलंय. जेकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांनी नक्षी विणणाऱ्या मागावर, देवांच्या आणि पुढाऱ्यांच्या तसबिरी विणणाऱ्या गावात हे कुणी खपवून घेणार नाही: ते बहुतेक छापील सुती कापड होतं. फरक नुसत्या शब्दाचा नाही. छपाईत नक्षी पटकन बदलता येते. जेकार्डवर नवं चित्र म्हणजे कार्डांचा नवा संच, म्हणजे वेळ आणि पैसा. रोज बदलणाऱ्या घोषणेला छपाई सोयीची.

फोटो पुसण्याची पॅनेल लावताना क्रम उलटा करा. मॉस्को-व्होल्गा कालव्याकाठी स्टॅलिनशेजारी येझॉव्ह, त्याचा गुप्त पोलीसप्रमुख आणि पुढे मर्जीतून उतरलेला, उभा असलेला मूळ फोटो आणि तो पुसल्यानंतरचा, दोन्ही शेजारी-शेजारी छापलेत. त्यामुळे कोडं आधीच सुटतं. मूळ फोटोवर कागदाची झडप लावा, पुसलेला फोटो आधी पाहू द्या. येझॉव्हच्या जागी नुसतं पाणी आहे, आणि बहुतेकांना काहीच खटकत नाही. येझॉव्हनंतरचा पोलीसप्रमुख बेरिया पडल्यावर सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना बेरिंग समुद्रावरची वाढीव पानं पाठवून बेरियावरची जुनी पानं कापायला सांगितलं होतं, तो किस्सा पुस्तिकेत आहे, पॅनेलवर नाही. तो लिहून इथेच लावा.

इटलीला एकच पॅनेल देऊन बोळवण केली आहे. १९२६ पासून लूचे या सरकारी संस्थेच्या बातमीफिती सर्व चित्रपटगृहांत दाखवणं सक्तीचं झालं, हे आहे. संपादकांना रोज पातळ कागदावर जाणाऱ्या सूचना, काय छापायचं, किती मोठं छापायचं, कुठे गप्प बसायचं, यांचा उल्लेखही नाही. ही मोठी उणीव आहे. वर्तमानपत्र बंद पाडण्यापेक्षा ते चालू ठेवून आतून भरणं सत्तेला जास्त उपयोगाचं असतं.

आणीबाणीचं पॅनेल खचाखच भरलंय, अक्षर बारीक, चार फुटांवरून वाचता येत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतल्या वर्तमानपत्रांची वीज तोडली, १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था मिळून ‘समाचार’ झाली, आकाशवाणीवर किशोरकुमारची गाणी थांबली, सगळं एकाच पॅनेलवर. याची दोन पॅनेल करून घ्या. मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि सरकार हरलं, ही ओळही त्यात हवी. तिच्याशिवाय जर्मनीशी तुलना लंगडी पडते.

आपली दोन पॅनेल जोडायची मुभा आहे. सोलापुरात पहिलं नाव सुचतं ते इंग्रजांनी इथे लावलेल्या १९३० च्या मार्शल लॉचं. विषय मोलाचा, पण ती परकी राजवट. या संचात कोंबलं तर दोन्हींचं नीट सांगून होत नाही. त्यापेक्षा डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. चिनी राजवटीने त्यांची स्मृती जपली, त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं, मैत्रीचं प्रतीक म्हणून पाहुण्यांपुढे वारंवार मांडली. त्यांचं काम खरं, तिथल्या माणसांचं प्रेमही खरं. खऱ्या आपुलकीचा सरकारी वापर कसा होतो, याचं उदाहरण या संचात दुसरं नाही.

सोबतच्या अभिप्राय-अर्जात ‘काय आवडलं’ एवढा एकच रकाना आहे. गोबेल्सने नोव्हेंबर १९३६ मध्ये कलासमीक्षेवर बंदी घातली, यापुढे फक्त वर्णन चालेल म्हणून. ते पॅनेल नेमकं या अर्जांच्या टेबलामागे येतं. अर्ज आपलेच छापा, चुकांचा रकाना ठेवा.

बुकिंग महिनाभर आधी करावं लागतं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत टेम्पो मिळणं कठीण, मार्चनंतर परीक्षा. जुलै-ऑगस्ट बरा, फक्त फ्लेक्स ओला गुंडाळून परत देऊ नका, शाई एकमेकींना चिकटते आणि अनामत जाते.