डीएनए किट: थुंकी दिली, पैसे दिले, मामंजींचं राजकारण काय सापडलं नाही

दोन स्टार देतेय. जरा सविस्तर लिहिते कारण आम्ही घेण्याआधी मराठीत एकपण धड रिव्ह्यू मिळाला नव्हता, जे होते ते सगळे इंग्लिशमधे आणि सगळ्यांचे आजोबा पंजाबचे.

कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण वाढवायचं नाहीये. घरी थुंकी गोळा करून पाठवायचं किट आहे, तीन नगांची ऑफर होती, भाऊजींनी मागवलं. जाहिरातीत लिहिलं होतं की तुमचा स्वभाव, तुमचे विचार, तुमचा कल सगळं जनुकांत असतं. भाऊजींच्या डोक्यात एकच किडा, की एका आईबापाची तीन पोरं, एकाच शाळेत शिकली, बेळगावातल्या एकाच वडगावच्या गल्लीत वाढली, मग तिघं तीन दिशांना कशी? मामंजी पहिल्यापासून महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे बेळगाव आणि सीमाभाग महाराष्ट्रात पाहिजे म्हणणारे. आमचे हे भाजपचे. भाऊजी स्वतः काँग्रेसचे (कॉन्ट्रॅक्टर आहेत, म्हणजे त्यांचा पक्ष जनुकात नाही, बिलात आहे, पण असो). आणि वन्सं गोकाकला दिल्यात, कन्नड बोलणाऱ्या घरात, त्या राज्योत्सवाला, म्हणजे कर्नाटकच्या स्थापनादिनी, लाल-पिवळा झेंडा घेऊन सोसायटीच्या गेटवर पुढे उभ्या. त्याच दिवशी इकडे मामंजी काळी फीत लावून समितीच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेरीत. १ नोव्हेंबर आमच्या घरात कसा जातो ते विचारू नका, फोन सायलेंटवर असतात.

पॅकिंग एक नंबर, ते मान्य करायलाच पाहिजे. आत नळी, झाकणात निळं पाणी, बारकोड, परत पाठवायची पिशवी. थुंकायच्या आधी अर्धा तास काय खायचं प्यायचं नाही. आता मामंजींच्या तोंडात अर्धा तास तंबाखू नाही असं कधी झालंय का, त्यामुळे त्यांचं सँपल लॅबनं परत पाठवलं आणि दुसरी नळी यायला आणि वेळ गेला. तो दोष कंपनीचा नाही, तंबाखूचा. पण अ‍ॅप उघडलं तर भाषा तीनच, इंग्लिश हिंदी कन्नड. मामंजींनी ते बघितलं आणि म्हणाले, "थुंकी मराठीत दिली आणि रिपोर्ट कन्नडात घ्यायचा होय? घाल कचऱ्यात." दुसऱ्या नळीला बसवायला वन्संना गोकाकहून फोन करावा लागला, त्यांचं एकट्यांचंच ऐकतात.

रिपोर्ट मात्र चकाचक, रंगीत गोल, टक्के, बाण. वंशावळीच्या पानावर काय विशेष नाही, बापलेकीची जनुकं निम्मी जुळतात हे सांगायला लॅब कशाला पाहिजे. खरी मजा स्वभावाच्या पानावर. मामंजींच्या नावापुढे लिहिलंय "तडजोडीकडे कल, वाद टाळण्याची प्रवृत्ती". १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात या माणसानं पाठीवर लाठ्या खाल्ल्यात, त्या वेळचे हुतात्मे हिंडलग्याला स्मारकात आहेत आणि हे दरवर्षी १ जूनला तिथं जाऊन उभे राहतात. सीमेच्या वाटणीच्या महाजन अहवालावर बोलायला लागले तर जेवण गार होतं. २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला, आणि बेळगाव शहर महाराष्ट्राला का नाही, हे सगळं पाठ. २००४ पासून सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा दावा पडलाय त्याच्या तारखा पण. वाद टाळण्याची प्रवृत्ती म्हणे! कस्टमर केअरला विचारलं तर ती पोरगी म्हणाली मॅडम ही फक्त शक्यता असते. मग जाहिरातीत शक्यता असं का लिहीत नाही बाई?

आणि किटला जे दिसलं नाही ते आम्हाला रोज दिसतं. मागच्या गणपतीत वन्सं आल्या होत्या, जेवणं झाली, कुंदा वाटला आणि कुणीतरी बेळगावी हे नाव काढलं (२०१४ ला सरकारनं बेळगावचं नाव बदलून ते केलं तेव्हापासून आमच्याकडं तो शब्द कुणी उच्चारत नाही). झालं. मामंजींनी टेबलावर मधल्या बोटाचं पेर आपटलं, "आधी मी काय सांगतोय ते ऐक", आणि समोरून वन्संनी तेच पेर, तसंच आपटलं, "अप्पा, आधी मी काय सांगते ते ऐका". मान तशीच डावीकडं, नाकपुड्या तशाच फुगलेल्या, फक्त एक सीमाभागाचं बोलतोय आणि एक म्हणते पोरं ज्या राज्यात शिकतात त्या राज्याचं नको का धरायला. वन्संचे यजमान आणि मी दोघं खाली मान घालून कुंदा खात होतो. तो हट्ट रक्तातलाच आहे, मला तरी शंका नाही. झेंडा कुठला ते मात्र रक्तातनं आलेलं नाही.

हे मी नुस्तं घरचं बघून बोलत नाही. पैसे गेले म्हणून राग आला आणि वाचत बसले. यावर खरं काम जुळ्यांवर झालंय. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सगळी सारखी, साध्या जुळ्यांची साधारण निम्मी, घर मात्र दोघांनाही एकच. मग एकसारख्यांची मतं जास्त जुळत असतील तर ते जास्तीचं जुळणं जनुकांचं, असा हिशोब. २००५ ला अल्फर्ड, फंक आणि हिबिंग या तिघांनी अमेरिकेतल्या जुळ्यांचा असा अभ्यास छापला. फाशीची शिक्षा, शाळेतली प्रार्थना, टॅक्स असले प्रश्न विचारून माणूस जुन्या वळणाचा का नव्या हे काढलं, तर लोकालोकांतल्या फरकाचा ४३ टक्के भाग जनुकांकडं गेला. पण तुमचा पक्ष कुठला असं विचारल्यावर जनुकांचा वाटा फक्त १४ टक्के आणि घराचा ४१! म्हणजे वळण थोडंफार घेऊन येता, पक्ष घरातनं उचलता. मी हे यांना वाचून दाखवलं तर म्हणाले अमेरिकेचं इथं काय सांगतेस. ते पण बरोबरच आहे, हे टक्के तिथल्या गर्दीचे आहेत, एका माणसाचे पण नव्हेत. मामंजींचे ४३ टक्के आजोबांकडनं आले असा अर्थ काढायचा नाही. शिवाय एकसारख्या जुळ्यांना सगळे सारखंच वागवतात, एकसारखे फ्रॉक घालतात, मग ते जुळणं जनुकांचं का फ्रॉकचं, हा आक्षेप पण जुनाच आहे आणि मला तो पटतो.

भीतीदायक फोटो बघून जास्त दचकणारे लोक जुन्या वळणाचे असतात असं पण २००८ ला फार गाजलं होतं, माणसं तपासली होती ४६. २०२० मधे जास्त लोकांवर परत करून बघितलं तर ते काय दिसलं नाही. किटवाले असलंच काहीतरी उचलतात आणि रंगीत गोलात घालतात.

मला सगळ्यात पटला तो २००९ चा हातेमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास. पोरं आईबापाच्या घरात असेपर्यंत जनुकांचा प्रभाव दिसतच नाही, सगळं घरचं, आणि विशी ओलांडून घर सोडलं की मग जनुकांचा हात दिसायला लागतो. पण हे लिहिणाऱ्यांना आमच्याकडच्या बायकांची सोय माहीत नसणार. आम्ही विशीत घर सोडतो ते मोकळं रान बघायला नाही, दुसऱ्या घरात जातो आणि तिथं परत पहिलीपासनं संस्कार सुरू. माझंच बघा. माहेर निपाणीकडचं, तंबाखूवालं घर. १९८१ ला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या तंबाखूच्या भावाच्या आंदोलनात शेतकरी पुणे-बेंगळूर हायवेवर बसले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली, आमचे वडील संघटनेचा लाल बिल्ला लावून होते. आमच्या घरात राजकारण म्हणजे तंबाखूचा भाव. निपाणी पण सीमाभागातच की, पण सीमाप्रश्न हा शब्द आमच्या जेवणात कधी यायचा नाही. आणि वडगावला आले तर पहिल्याच नोव्हेंबरला सासूबाईंनी हातात काळी फीत दिली, दुकान बंद, चूल उशिरा. मी लावली. नंतर लावायची सवय झाली, नंतर राग पण यायला लागला, खरा राग, उसना नाही. आता यातलं किती जनुकात होतं ते कुठल्या नळीत दिसणार? वन्संचं पण तेच झालं, फक्त उलट्या दिशेनं.

भाऊजी अजून म्हणतात की समिती रक्तात असते. मी म्हणते भाऊजी, २०१३ ला समितीचे दोन आमदार होते, बेळगाव दक्षिण आणि खानापूर. २०१८ ला एकपण नाही, २०२३ ला पण नाही. २०२१ ला महापालिकेत भाजपचे ५८ पैकी ३५ आले, आणि त्यात आमच्याच गल्लीतली मतं आहेत, तुमच्या सख्ख्या भावाचं आहे. पाच वर्षांत सगळ्या बेळगावचं रक्त बदलून आलं का केएलई हॉस्पिटलमधनं? गप्प बसले. मग म्हणाले, यांचं डोकं फिरवलं व्हॉट्सअ‍ॅपनं. म्हणजे परत बाहेरचंच झालं की!

आता घेणाऱ्यांसाठी कामाचं. डायबेटीस, थायरॉईड असलं पान बरं आहे, पण ते घेऊन डॉक्टरकडं जा, स्वतः गोळ्या सुरू करू नका. स्वभावाचं पान पोरांची लग्नं जमवताना कुणाला दाखवू नका, आमच्या शेजारणीनं ऑलरेडी मागितलंय. डेटा डिलीट करायचं बटण सेटिंगमधे फार आत लपवलंय आणि सँपल नष्ट करा म्हणून वेगळा मेल करावा लागतो, तो आधीच करून ठेवा, घरात तीन पक्ष असतील तर नक्कीच. रिफंड मागितला तर सँपल प्रोसेस झालंय म्हणून नाही म्हणाले, पण कस्टमर केअरची ती पोरगी आमच्याशी मराठीत आणि वन्संशी कन्नडात सारख्याच गोडीनं बोलली, हुबळीची निघाली. एक स्टार तिचा, एक पॅकिंगचा. मामंजींचा रिपोर्ट प्रिंट काढून यांनी फ्रीजवर लावलाय, "वाद टाळण्याची प्रवृत्ती" या ओळीवर पिवळं हायलाइट करून, आणि त्यावरनं परवाच वाद झाला.