जुने कन्सोल: अनेक महिने खेळून झाल्यावर काय ठेवलं, काय सोडलं

गेले बरेच महिने माझ्या खोलीत एक पिक्चर ट्यूबचा टीव्ही, त्याच्या शेजारी एक सपाट टीव्ही आणि भोवती सात-आठ जुने व्हिडिओ गेम कन्सोल असा पसारा मांडलेला आहे. यातलं ठेवायचं काय आणि दुसऱ्याच्या हाती सोपवायचं काय, एवढंच ठरवायचं होतं. आठवणींना विचारून हे ठरत नाही, त्या सगळ्यालाच हो म्हणतात. म्हणून एक कसोटी लावली. खेळ आधी एम्युलेटरवर किंवा मिस्टरवर खेळायचा, मग तोच मूळ यंत्रावर, आणि मूळ यंत्राने जास्तीचं काय दिलं ते पाहायचं. दिलं असेल तर यंत्र राहतं. नसेल तर ते कितीही लाडकं असलं तरी जातं.

मिस्टर हा डीई१०-नॅनो नावाच्या बोर्डावर चालणारा प्रकल्प. एम्युलेटर जुन्या चिपांची नक्कल सॉफ्टवेअरने करतो. मिस्टरमध्ये त्याच चिपांचं काम एफपीजीएच्या, म्हणजे हवं ते सर्किट मांडता येणाऱ्या चिपच्या, आत सर्किट म्हणून उभं केलं जातं. निन्टेंडोच्या जुन्या एनईएसपासून सेगाच्या सॅटर्न, प्लेस्टेशन, निन्टेंडो ६४ पर्यंतची यंत्रं त्यावर चालतात. त्यामुळे मूळ यंत्रासमोरचा प्रतिस्पर्धी काही लेचापेचा नव्हता.

पहिला गेला तो सुपर निन्टेंडो. हे लिहायला जिवावर येतंय, कारण द्विमित खेळांचा इतका श्रीमंत साठा दुसऱ्या कुठल्याच यंत्रावर नाही, असं मला आजही वाटतं. पण खेळ थोर असणं वेगळं आणि यंत्र जवळ लागणं वेगळं. १९९० साली आलेल्या या यंत्राचा अभ्यास इतका खोलवर झाला आहे की बीएसएनईएससारखा एम्युलेटर त्याच्या घड्याळाचा ठोका न ठोका पाळतो. कार्ट्रिजमधल्या सुपर एफएक्ससारख्या जादा चिपाही नीट चालतात. त्याचा कंट्रोलर साधा आणि उत्तम, आणि त्याच घडणीचे नवे कंट्रोलर सहज मिळतात. कान आणि बोटं दोन्ही लावून शोधलं, फरक हाती लागला नाही. ज्यांच्याकडे कार्ट्रिजचा साठा आधीपासून आहे त्यांनी अर्थातच ठेवावं. नव्याने घेणाऱ्याला मी सांगणार नाही.

सेगाचा मेगा ड्राइव्ह मात्र काठावर पास झाला, आणि त्याला पास करणारी गोष्ट त्याच्यापेक्षा टीव्हीकडे जास्त आहे. १९९१ च्या सॉनिक या खेळाच्या पहिल्याच भागात धबधबे आहेत. ते चित्रात उभ्या पट्ट्यापट्ट्यांनी काढलेले आहेत, एक पट्टी पाण्याची, एक मोकळी. साध्या पिवळ्या कंपोझिट केबलमधून जाताना शेजारच्या पट्ट्या एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक दिसतं. स्वच्छ आरजीबी केबल लावली की पट्ट्या उघड्या पडतात. सिग्नल कमअस्सल असणार हे गृहीत धरूनच ते चित्र काढलं होतं. एम्युलेटरमध्ये यासाठी फिल्टर आहेत आणि चांगले आहेत, पण ट्यूबच्या काचेवर तेच पाणी पाहिल्यावर मी फिल्टर लावणं सोडून दिलं. शिवाय पहिल्या मॉडेलला पुढे हेडफोनची जागा आणि आवाजाची सरकपट्टी आहे. यामाहाच्या वायएम२६१२ चिपचा तो खरखरीत, धातूसारखा बास हेडफोनवर ऐकण्यासारखा आहे. दुसऱ्या मॉडेलच्या बऱ्याच बोर्डांवर आवाज मळका येतो, तेव्हा घेताना पहिलंच पाहावं. एकही हलणारा भाग नसल्याने यंत्र दणकट आहे. ५० हर्ट्झच्या आवृत्तीवर बरेच खेळ साधारण एक षष्ठांशाने मंद चालतात, सॉनिकचं संगीतसुद्धा. शक्यतो ६० हर्ट्झचं घ्या किंवा स्विच बसवून घ्या.

टीव्हीचा विषय निघालाच आहे तर तो पुरता बोलायला हवा, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. ड्रीमकास्टच्या आधीचे बहुतेक कन्सोल २४० ओळींचं चित्र देतात. अनेक सपाट टीव्ही त्याला ४८० ओळींचं इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींनी येणारं, चित्र समजतात, त्यावर आपली प्रक्रिया चालवतात, आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखं उपकरण मधे लावलं तर ओळी जवळपास विनाविलंब वाढवल्या जातात आणि खेळ पुन्हा हातात येतो. ट्यूब नसेल आणि असं उपकरणही घ्यायचं नसेल, तर जुनं यंत्र न घेता एम्युलेटरवरच खेळा. वाईट टीव्हीवरचं अस्सल यंत्र हा सगळ्यांत वाईट अनुभव आहे.

आणि बंदुका. एनईएसच्या झॅपरचा चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड शोधतो. सपाट टीव्हीचं चित्र उशिरा येतं, आणि सेन्सरचं सर्किट ट्यूबच्या लुकलुकीशी जुळवलेलं असतं, म्हणून तिथे नेम लागतच नाही. प्लेस्टेशनची गनकॉन बंदूक तर व्हिडिओ सिग्नलची केबलच जोडून घेते आणि ट्यूबचा किरण कोणत्या क्षणी कुठे आहे यावरून नेम काढते. किरण नसेल तर मोजायचं काय? सपाट पडद्यासाठी नव्या बंदुका निघाल्या आहेत, त्यांची पद्धत वेगळी आणि हातातला अनुभवही वेगळा. माझ्याकडे एनईएस राहिला तो निव्वळ झॅपरमुळे.

ज्यांना एनईएस घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी: पुढून कार्ट्रिज सरकवायच्या मॉडेलमध्ये ७२ पिनांचा कनेक्टर सैल होतो, अनधिकृत कार्ट्रिज अडवणाऱ्या आतल्या लॉकआउट चिपचा संवाद तुटतो आणि दिवा लुकलुकत यंत्र पुन्हा पुन्हा रीसेट होतं. फुंकर मारायची सवय मोडा, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, एवढं पुरतं. त्या चिपची चौथी पिन उचलून ठेवली की लुकलुक कायमची थांबते. जपानी फॅमिकॉममध्ये ती चिपच नाही.

आता ज्या यंत्राने मला सगळ्यांत जास्त चकित केलं ते. प्लेस्टेशन २ इतकं सर्वत्र पसरलेलं आहे, १५ कोटींहून जास्त विकलं गेलं आहे, की त्यात खास काही असेल असं वाटत नाही. पण त्याचा कंट्रोलर, ड्युअलशॉक २, हातात घेऊन मेटल गिअर सॉलिड २ खेळून पाहा. स्टार्ट, सिलेक्ट, मधलं अॅनालॉग बटण आणि काठ्यांखालची बटणं सोडली तर या पॅडची बाकी सगळी बटणं किती जोराने दाबली हे ओळखतात. चौकोनी बटण दाबून बंदूक रोखायची, झटकन सोडलं तर गोळी सुटते, हळूहळू सैल केलं तर बंदूक खाली येते. समोरच्या पहारेकऱ्याला नुसतं धमकावून सोडायचं की गोळी घालायची, हा फरक अंगठ्याच्या दाबात आहे. नंतरच्या ड्युअलशॉक ४ मध्ये ही सोय उरली नाही. एम्युलेटरवर अर्ध्या दाबासाठी वेगळं बटण नेमावं लागतं. ड्युअलशॉक ३ आणि खास ड्रायव्हर वापरून संगणकावर जवळपास जाता येतं हे खरं, पण मग अस्सल यंत्रच का नको? भाग मुबलक आहेत, दुरुस्ती माहितीची आहे, कंपोनंट केबल लावली की चित्रही स्वच्छ येतं.

शिवाय पहिल्या प्लेस्टेशनचे बहुतेक सगळे खेळ आणि त्यांची मेमरी कार्डं यात चालतात. त्यामुळे पहिलं प्लेस्टेशन वेगळं ठेवायची गरज मला उरली नाही. त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलांत लेझरची प्लास्टिकची सरकपट्टी झिजायची आणि लोक यंत्र उलटं ठेवून खेळायचे, तेही डोक्यात राहू द्या. फक्त प्लेस्टेशन २ च्या शेवटच्या स्लिम आवृत्त्यांत काही जुने खेळ अडतात.

निन्टेंडो ६४ बद्दल माझं मत माणसांवर अवलंबून आहे. एकट्यासाठी? नको. चित्र धूसर, एस-व्हिडिओच्या वर बहुतेकांना काही मिळत नाही, आणि एम्युलेशन आता पूर्वीसारखं लंगडं राहिलेलं नाही. पण चार माणसं जमली, चार पोर्टांत चार कंट्रोलर लागले आणि १९९७ चं गोळीबाराचं गोल्डनआय सुरू झालं, की त्या खोलीतला आरडाओरडा कुठल्याही ऑनलाइन सामन्यात मिळत नाही. कंट्रोलरच्या अंगठ्याने फिरवायच्या काठीबद्दल दोन शब्द बोलतो. ती आजच्या बहुतेक काठ्यांसारखी पोटेन्शिओमीटरवर, म्हणजे बदलत्या विद्युतरोधावर, चालत नाही. आत खाचांच्या चकत्या फिरतात आणि त्या प्रकाशाने मोजल्या जातात. भोवती अष्टकोनी कडा आहे, त्यामुळे काठी अचूक दिशेला जाऊन टेकते. नव्या पॅडवर हेच खेळ खेळताना नेम जरासा पुढे धावतो. दुखणं असं की काठी ज्या वाटीत घासते ती प्लास्टिकची, आणि घासून पांढरी पूड होते. घेताना काठी सोडून पाहा, लुळी पडत असेल तर वाटी आणि काठी बदलावी लागेल. मेमरी वाढवणारा एक्स्पान्शन पॅकही बरोबर हवा, मेजोराज मास्क आणि डाँकी काँग ६४ त्याच्याशिवाय चालत नाहीत.

ड्रीमकास्ट तर डोळे झाकून ठेवा. सेगाने २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं, पण सपाट पडद्यासाठी याच्याइतकं सोयीचं जुनं यंत्र नाही. व्हीजीए केबल लावली की बहुतेक खेळ ४८० ओळींचं प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सगळ्या ओळी एकदम येणारं, चित्र देतात, कुठलंही मधलं उपकरण नको. खेळता खेळता अचानक रीसेट होणं हा या यंत्राचा जुना आजार. वीजपुरवठ्याच्या बोर्डाच्या पिनांवर थर चढलेला असतो, तो पुसला की बहुधा जातो. घड्याळाचा सेल बोर्डाला सोल्डर केलेला आहे, तो मेला की दर वेळी तारीख विचारली जाते, खेळ अडत नाही. ड्राइव्ह थकली असेल तर जीडीईएमयूसारखा बोर्ड बसवून खेळ मेमरी कार्डावरून चालवता येतात, फक्त मदरबोर्डाची आवृत्ती आधी तपासा.

सॅटर्न मी ठेवला तो द्वंद्वयुद्धांच्या खेळांसाठी आणि त्याच्या सहा बटणी पॅडसाठी. त्या पॅडचं दिशाबटण अंगठ्याखाली गोल फिरतं, अर्धवर्तुळाच्या चाली न चुकता निघतात. ४ एमबीचं रॅम कार्ट्रिज लावून एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर खेळलं की घरातला त्या काळचा दुसरा कुठलाही कन्सोल त्याच्या जवळपास येत नाही. मागच्या झाकणाआडचा सीआर २०३२ सेल संपला की आतले सगळे सेव्ह, म्हणजे खेळांची साठवलेली प्रगती, जातात, एवढं जपा.

गेमक्यूब हवा असेल तर निन्टेंडोचंच २००६ चं सुरुवातीचं वी घ्या, त्यात गेमक्यूबच्या डिस्का, कंट्रोलर आणि मेमरी कार्डं चालतात. गेम बॉयचे खेळ टीव्हीवर चालवणारा गेम बॉय प्लेअर तेवढा फक्त गेमक्यूबलाच लागतो. पहिला एक्सबॉक्स घरात असेल तर आजच उघडा. घड्याळाचा कपॅसिटर गळतो आणि बोर्डाचे तांब्याचे मार्ग खातो. तो काढून टाकला तरी यंत्र चालतं, फक्त प्लग काढल्यावर वेळ पुन्हा लावावी लागते. १.६ ही आवृत्ती याला अपवाद.

हातातल्या यंत्रांत गेम बॉय अॅडव्हान्स एसपी. मिटून खिशात जातं, जुन्या गेम बॉयची कार्ट्रिजही घेतं. २००३ च्या पहिल्या मॉडेलला पुढून उजेड आहे, नंतरच्या एजीएस-१०१ ला मागून, आणि तेच घ्यावं. हेडफोनला मात्र वेगळी जोडणी लागते. सेगाचं गेम गिअर देखणं आहे, पण त्याचे कपॅसिटर जवळपास हमखास गळतात आणि सहा सेल काही तासांत संपतात. सोल्डरिंग येत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

जुनी कार्ट्रिज घेणाऱ्यांसाठी शेवटचं. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये सेव्ह सेलवर टिकतो, आणि तोच सेल घड्याळही चालवतो, म्हणून लवकर संपतो. रुबी आणि सफायरमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, सेल मेला तर फक्त वेळेवर चालणाऱ्या घटना थांबतात. गोल्ड-सिल्व्हरचा सेल बदलताना जुना काढला की सेव्ह पुसला जातो. म्हणून आधी कार्ट्रिज रीडरने तो संगणकावर उतरवून घ्या, मग सोल्डरिंगची काडी तापवा, आणि काम झालं की परत चढवा.