पाच किलोची कोकोपीटची वीट आणि माझा मोगरा

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. मातीची पोती वर आणणं गुडघ्यांना झेपेना, म्हणून सुनेने ही वीट मागवून दिली. नारळाच्या सोडणाचा दाबलेला भुसा. मोठ्या टबात भिजत घातला आणि तासाभरात टब काठोकाठ भरला! हलका, भुसभुशीत, ओल धरून ठेवणारा. मे महिन्यातही सकाळी एकदा पाणी घातलं की दिवस निघतो.

पण पाकिटावर एक गोष्ट ठळक लिहायला हवी होती. यात झाडाला खायला जवळजवळ काहीच नसतं आणि क्षार मात्र असू शकतात. मी न धुता वापरलं, मोगऱ्याच्या पानांची टोकं करपली. फार वाईट वाटलं. पुढच्या खेपेला तीनदा धुऊन घट्ट पिळलं. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग लाल माती, वर मूठभर निंबोळी पेंड. फेब्रुवारीत छाटणी केली, एप्रिलमध्ये कळ्या धरल्या.

हे गेल्यापासून पहाटे चारलाच जाग येते. पूर्वी छताकडे बघत पडून राहायचे. आता गॅलरीत जाते, कुंडीत बोट खुपसून ओल बघते, पिवळी पानं खुडते. लांबून लोकलचा आवाज येतो, मोगऱ्याचा वास असतो, आणि उजाडेपर्यंत मन शांत राहतं.

दुसरी वीट मागवली आहे. कंपनीने धुतलेलं कोकोपीट द्यावं, थोडे पैसे जास्त द्यायला मी तयार आहे.