मार्लिन ३३६: झाडीतल्या शिकारीला एकदम फिट
लांबून नेम धरायचा असेल तर ही रायफल घेऊच नका, सरळ खटका हाताने मागेपुढे ओढायची बोल्ट अ‍ॅक्शन घ्या. पण अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनियाच्या दाट झाडीत व्हाइटटेल हरणाच्या मागावर पायी फिरायचं असेल तर थर्टी-थर्टी काडतुसाच्या, ट्रिगरखालचा दांडा खाली-वर करून गोळी भरायच्या लिव्हर अ‍ॅक्शनची मजा दुसऱ्या कशात नाही राव. तसंही तिथे हरणाला सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी) रायफल चालत नाही, मग पटकन दुसरी गोळी हवी तर लिव्हरच बरा, सवय झाली की खांद्यावरून न काढता खटाखट चालतो आणि तो आवाज, अहाहा!

मॉडेल १९४८ पासूनचं, वजन साधारण ७ पौंड, २० इंची बॅरल, एका हातात मधोमध धरून दिवसभर चाला. रिकामं काडतूस बाजूने उडतं म्हणून वर स्कोप बसवणं सोपं, जुन्या विंचेस्टर ९४ मध्ये ते वरून उडायचं त्यामुळे स्कोपची पंचाईत.

एक मात्र नीट लक्षात ठेवा, मॅगझिन (गोळ्या भरायची जागा) नळीचं आहे, एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडातल्या, ठोका बसला की पेटणाऱ्या टिकलीला) टेकतं, म्हणून कडक टोकदार गोळ्या अजिबात भरू नका, चपट्या नाकाच्या किंवा मऊ टोकाच्या लिव्हरसाठी बनवलेल्याच घ्या. १५० यार्डांपुढे गोळी चांगलीच खाली जाते, तिथे हट्ट नको, जनावर जखमी होऊन पळतं.

वैताग एकच, संध्याकाळी रिकामी करताना प्रत्येक काडतूस लिव्हर मारून काढत बसायचं, तेही थंडीत. (भारतात वन्यजीव कायद्याने शिकार बंद, तेव्हा तिकडच्यांनी नुसतं वाचा.)