पिवळं लेबल माझ्याच अंकाला लागलं, पण मालक दुसराच

माझ्या फोनमध्ये मार्च २०२२ मधले दोन फोटो आहेत. रात्री जेवणाच्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली काढलेले. फोटोत 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ३०० वा अंक आहे, मे १९८८ चा, टॉड मॅकफार्लेनने काढलेला, ज्यात स्पायडर-मॅनचा शत्रू व्हेनम पहिल्यांदा पुरता दिसतो तो. नीट बघितलं तर वरची पिन बरोबर घडीवर आहे आणि खालची जराशी मुखपृष्ठाच्या बाजूला सरकलेली. मागच्या पानावर छपाईतच पडलेला शाईचा एक बारीक ठिपका आहे. हे फोटो काढण्यामागे माझी काही हुशारी नव्हती. 'मॅकफार्लेनची सही झाल्यावर आधी-नंतरचा फोटो टाकू' एवढीच हौस होती. ती हौस नसती तर माझा अंक लाटणाऱ्या माणसाला मी आजही नाताळच्या शुभेच्छा पाठवत बसलो असतो.

मी मूळचा सांगलीचा, गेली वीस वर्षं न्यू जर्सीत. कॉमिक्सचं वेड मामामुळे लागलं. त्याच्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे होते, वेताळ आणि मांड्रेकचे, आणि प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर शाईपेनाने स्वतःचं नाव. इकडे येताना त्याने त्यातला एक वेताळ माझ्या बॅगेत टाकला. पुढे पगार बरा झाला तसे अमेरिकन अंक घ्यायला लागलो. ३०० वा अंक २००९ साली एका दुकानातून घेतला, तेव्हाचे दीडशे डॉलर. बायकोला पन्नास सांगितले होते.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर चोरी कुठून झाली ते कळणार नाही. जुना अंक ग्रेडिंग कंपनीकडे पाठवला की ते तो तपासतात, ०.५ पासून १० पर्यंत गुण देतात आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करतात. या पेटीला सगळे स्लॅब म्हणतात. यातली सगळ्यात मोठी कंपनी सीजीसी, २००० साली सुरू झाली, फ्लोरिडातल्या सॅरासोटा गावात आहे. साध्या अंकाला निळं लेबल, दुरुस्ती केलेल्याला जांभळं. अंकावर सही असेल आणि ती कंपनीच्या साक्षीदारासमोर झालेली असेल तर पिवळं, आणि त्या लेबलावर कुणी कोणत्या तारखेला सही केली तेही छापतात. साक्षीदार नसेल तर सही कितीही खरी असो, पिवळं मिळत नाही. ९.२ आणि ९.८ यांच्यात डोळ्यांना दिसण्यासारखा फरक फारसा नसतो, किमतीत मात्र तो दुपटी-तिपटीचा असू शकतो.

प्रेसिंग म्हणजे या सगळ्याच्या आधीची इस्त्री. फोटो चिकटवायला वापरतात तसलं तापणारं यंत्र असतं. कागदाला आधी थोडा दमटपणा देतात, मग दोन पाट्यांमध्ये उष्णता आणि दाब, मग वजनाखाली सावकाश थंड करायचं. बोटांचे दाब, हलक्या मोडी, वाकलेले कोपरे सरळ होतात. पण मोडीवर रंग उडून पांढरं दिसत असेल तर ते जात नाही, ते जाईल असं सांगणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. चांगल्या हातात अंकाचा अर्धा-एक गुण वाढतो. वाईट हातात काय होतं ते पुढे येईलच.

तो माणूस मला एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरणाऱ्या छोट्या प्रदर्शनात भेटला. टेबलावर स्वच्छ काळं कापड, मागे पाचेक स्लॅब, हातात पांढरे मोजे. मोज्यांनी मी निम्मा जिंकला गेलो. तो फॅसिलिटेटर होता, म्हणजे लोकांचे अंक गोळा करायचे, प्रेस करायचे, सहीला न्यायचे, साक्षीदाराची सोय करायची आणि ग्रेडिंगला पाठवायचे. हा धंदा अगदी कायदेशीर आहे, आणि प्रामाणिकपणे करणारे पुष्कळ आहेत. त्याने माझे अंक उलटून बघितले आणि दोन अंकांबद्दल सरळ सांगितलं, 'याच्यावर पैसे घालवू नका.' हे वाक्य ऐकून उरलेला निम्माही जिंकला गेलो. गिऱ्हाइकाला नको म्हणणारा दुकानदार खोटा कसा असेल?

पाच अंक दिले. ३०० वा, 'न्यू म्युटंट्स'चा ९८ वा, आणि आणखी तीन किरकोळ. प्रेसिंग, सही, ग्रेडिंग, पोस्ट मिळून ६४० डॉलर. त्याने झेलवर, म्हणजे बँकेतून बँकेत थेट पैसे पाठवायच्या सोयीने, पाठवायला सांगितले, 'कार्डाचं कमिशन कशाला भरता?' मला तो माझाच फायदा वाटला. झेलने स्वतःहून पाठवलेले पैसे परत मिळवणं जवळपास अशक्य, आणि पेपॅलवर 'मित्र-नातेवाईक' निवडून पाठवले तर तिथेही खरेदीचं संरक्षण लागू होत नाही. हे मला तेव्हा माहीत होतं. आपल्याला कळत नाही म्हणून आपण फसतो असं नाही, संकोच वाटतो म्हणून फसतो. समोर एवढा सज्जन माणूस उभा असताना 'मला कार्डानेच द्यायचे आहेत' म्हणायला जीभ रेटली नाही.

निघताना सहज पाकिटातून मामाचा वेताळ काढून दाखवला. त्याने तो कौतुकाने बघितला, 'भारतातला आहे का?' वगैरे विचारलं आणि म्हणाला, 'हा मी फुकट प्रेस करून देतो, माझ्याकडून.' तोही दिला.

घरी बायकोने एकच विचारलं, 'पावती?' पावती नव्हती. टेक्स्टवर 'गॉट युअर ५ बुक्स, थँक्स बडी' एवढं होतं. पुढे कोर्टात तेवढंच उपयोगी पडलं.

आता या फसवणुकीतला खरा गाभा. या धंद्यात उशीर हा नेहमीचाच. २०२१-२२ मध्ये तर महासाथीत सगळ्यांनी जुने खोके उघडल्यामुळे ग्रेडिंगला प्रचंड गर्दी होती, महिनोन्‌महिने लागत होते. एप्रिलमध्ये त्याने कळवलं, सहीचं पुढे ढकललं. जुलैमध्ये, अजून तारीख नाही. सप्टेंबरमध्ये, सही रद्द, तुमचा अंक सहीशिवायच पाठवतो, सहीचे पैसे परत. आणि खरंच पैसे परत आले! ८० डॉलर. चोराने पैसे परत केल्यावर कोण संशय घेतो? दुसऱ्या कुठल्याही व्यवहारात चार महिने माल आला नाही तर माणूस बोंब मारेल. इथे अकरा महिने गेले तरी मी इतर संग्राहकांना सांगत होतो, 'अहो, एवढा वेळ लागतोच.' त्याची वकिली मीच करत होतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये खोकं आलं. पाच स्लॅब, व्यवस्थित गुंडाळलेले. ३०० व्याला निळं लेबल, ८.५. थोडा हिरमोड झाला, मला ९.२ ची आशा होती. पण प्लास्टिकच्या आत काय, बोट थोडंच लावता येतं? कपाटात लावून ठेवले. वेताळ तळाशी होता, त्याच्याकडे नंतर येतो.

जूनमध्ये घराच्या विम्यासाठी वस्तूंची यादी करत होतो. प्रत्येक लेबलावर एक क्रमांक असतो, तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की अंक, गुण आणि ग्रेडिंगची तारीख दिसते. चार अंकांची तारीख नोव्हेंबर २०२२. ३०० व्याची तारीख २०१९. मी दोनदा टाकून बघितलं, आकडा चुकला असेल म्हणून. मी अंक दिला २०२२ मध्ये, आणि तो त्याच्या तीन वर्षं आधीच तपासून झाला होता! मग ते फोटो आठवले. स्लॅब खिडकीशी नेऊन धरला. दोन्ही पिना अगदी घडीवर. मागे ठिपका नाही.

म्हणजे त्याने बाजारातून कमी गुणाचा, आधीच बंद असलेला एक स्लॅब विकत घेतला आणि माझा म्हणून पाठवला. पेटी खरी, लेबल खरं, क्रमांक खरा. तपासायला गेलं तर खोटं काहीच सापडणार नाही, फक्त अंक माझा नाही. बाकीचे चार त्याने इमानदारीने करून दिले, कारण ३०० व्याएवढं चोरण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं.

पुढच्या तीन रात्री जुन्या लिलावांच्या नोंदी चाळल्या. ३०० वा अंक, पिवळं लेबल, मॅकफार्लेनची सही, एप्रिल २०२२ नंतरचे. मोठ्या लिलावांत दोन्ही बाजूंचे स्कॅन ठेवतात, ते मोठे करून पिना बघत बसलो. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास सापडला. खालची पिन सरकलेली. मागे ठिपका, त्याच जागी. गुण ९.६. आणि लेबलावर सहीची तारीख, मी अंक हातात दिल्यानंतर बरोबर २३ दिवसांची. ज्या आठवड्यात त्याने मला 'पुढे ढकललं' म्हणून कळवलं, त्याच आठवड्यात माझ्या अंकावर सही झाली होती. दोन हजार डॉलरच्या थोडं खाली विकला गेला होता. वाईट वाटून घ्यायच्या आधी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मेल्याने प्रेसिंग मात्र सुरेख केलं.

कंपनीला लिहिलं. त्यांनी सभ्यपणे उत्तर दिलं की सबमिशन ज्या खात्यातून आलं त्या खातेदाराशीच ते बोलू शकतात. त्यांच्या बाजूने बरोबरच आहे. कागदोपत्री मालक तोच होता, माझं नाव कुठे नव्हतंच. म्हणून कुणाला अंक देणारच असाल तर आधी विचारा की सबमिशन कुणाच्या खात्यावर जाणार. कंपनीत स्वतःचं खाते उघडता येतं. फॅसिलिटेटरकडून सबमिशनचा क्रमांक आठवड्याभरात मागा, देत नसेल तर अंक परत मागा. पुढचे मागचे, चारही कोपऱ्यांचे, दोन्ही पिनांचे फोटो जवळून काढा, आणि स्लॅब घरी आला की कपाटात ठेवायच्या आधी क्रमांक टाकून तारीख बघा. मी पहिल्याच दिवशी बघितली असती तर अंक नाही, पण तो माणूस तरी ओळखीच्या पत्त्यावर सापडला असता.

आणि निव्वळ पेटीवरही विसंबू नका. २०२३ च्या अखेरीस उघड झालं की कुणीतरी स्लॅब उघडून आतले अंक बदलत होता आणि पेटी बदलून घेण्याच्या सोयीचा फायदा घेऊन नव्या पेटीत हलके अंक घुसवत होता. कंपनीला तीनशेहून जास्त संशयित क्रमांकांची यादी जाहीर करावी लागली होती.

पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली. टपालातून झालेली फसवणूक म्हणून पोस्टाच्या तपास खात्याकडे अर्ज केला. बँकेने झेलबद्दल अपेक्षेप्रमाणे हात वर केले. न्यू जर्सीत वीस हजार डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे वकिलाशिवाय लावता येतात, तोही लावला. तो माणूस कोर्टात आलाच नाही, निकाल एकतर्फी माझ्या बाजूने लागला. वसुली शून्य. त्याचा पत्ता म्हणजे पोस्टातली भाड्याची पेटी होती आणि ती बंद झाली होती. अंक ज्याने लिलावात घेतला त्याला लिलाववाल्यांमार्फत निरोप पाठवला, उत्तर नाही. त्याचं तरी काय चुकलं? त्याने खरी सही, खरा अंक, खरे पैसे देऊन घेतला.

राहिला वेताळ. इंद्रजालचा कागद साधा, वर्तमानपत्री. त्याला त्याने अमेरिकन गुळगुळीत मुखपृष्ठांइतकीच उष्णता दिली असावी, आणि दमटपणा त्याहून जास्त. पानं पापडासारखी लहरली आहेत, पिनांभोवती गंजाचे तपकिरी डाग पसरलेत, आणि पहिल्या पानावरची शाई फुटून समोरच्या पानावर उमटली आहे. आडनाव वाचता येतं. नावाच्या जागी निळा ढग आहे.

मागच्या दिवाळीत मामाने फोनवर विचारलं, 'अरे, त्या अंकाचे आता काय भाव आहेत तिकडे? इथे पोरं हजारांत विकतायत म्हणे.' म्हटलं, 'विकायचा नाहीये मामा.' तो खूश झाला आणि म्हणाला, आणखी सहा सापडलेत माळ्यावर, येशील तेव्हा घेऊन जा.