सक्तीची सेवा की स्वेच्छेची?

दुर्गम भागात तज्ज्ञ डॉक्टर सक्तीने पाठवले तर रिकामी जागा लवकर भरते. मेक्सिकोत वैद्यकीय विद्यार्थ्यांना १९३६ पासून, दक्षिण आफ्रिकेत नव्या डॉक्टरांना १९९८ पासून अशी सेवा बंधनकारक आहे. पण मुदत संपली की बहुतेक जण निघतात आणि जुनाट आजाराच्या रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.

दुसरा मार्ग म्हणजे जादा भत्ता, राहायला घर, ग्रामीण मुलांनाच वैद्यकीय प्रवेशात प्राधान्य. याला वर्षानुवर्षं लागतात, पण ही माणसं टिकण्याची शक्यता जास्त. मला हाच पटतो.

मात्र भूलतज्ज्ञ आणि रक्त नसेल, तर एकटा स्त्रीरोगतज्ज्ञ, सक्तीने आलेला असो वा आपखुशीने, सुरक्षित सिझेरियन कसं करणार? अडलेल्या बाईला शेवटी शहरच गाठावं लागतं.